घरात भाकरी रुजवण्याची शास्त्रोक्त पद्धत

व्याख्या. शहरी घरातले रोजचे जेवण अंगाला हितकर आणि जमीन-पाण्याला कमी जड व्हावे यासाठी केलेल्या खटपटीस आहारसुधारणा म्हणतात. खटपट करणारा तो सुधारक, बाकीचे घरचे. सुधारणेचा काळ सामान्यतः रक्ततपासणीचा अहवाल हाती पडल्यापासून पहिल्या पिझ्झापर्यंत टिकतो. तो लांबवणे हे या पद्धतीचे उद्दिष्ट होय.

धान्याची निवड. ज्वारी, बाजरी व नाचणी ही मुख्य धान्ये. रब्बी ज्वारी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळ्यानंतर उरलेल्या ओलीवर येते. भाताला खाचरभर पाणी लागते आणि त्या साचलेल्या पाण्याखालच्या मातीतून मिथेन सुटतो. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. ही माहिती सुधारकाने पाठ करावी व जेवताना उच्चारू नये. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष पाळले, हेही पानावर सांगू नये. त्या ठरावावर घरच्यांपैकी कोणाचे मत घेतलेले नव्हते. अँडीज पर्वतातून येणाऱ्या क्विनोआचा मोह टाळावा. त्याच्या भावकीतला चाकवत मंडईत जुडीने मिळतो.

विरोधकांचे प्रकार. हे तीन आढळतात.

१. बाल: यांचा आक्षेप नाचणीच्या रंगावर असतो आणि तो युक्तिवादाने हटत नाही.

२. मध्यमवयीन: सुधारणेला तत्त्वतः पाठिंबा देतात व ताट समोर आल्यावर ‘आज भात नाही का?’ असे विचारतात.

३. ज्येष्ठ: यांचा विरोध ऐतिहासिक असतो. १९७२च्या दुष्काळात रेशनवरची लाल मिलो यांनी खाल्लेली असते. गव्हाची पोळी सणावाराला मिळे त्या काळापासून ती रोज पानात पडेपर्यंतचा प्रवास यांनी स्वतःच्या कष्टाने केलेला असतो, आणि आता तो उलट दिशेने करायला सांगितले जाते. यांच्याशी वाद घालू नये. शिवाय भाकरी थापता येणारी घरातली एकमेव व्यक्ती बहुधा याच गटात असते. म्हणून पहिली वाटाघाट इथेच करावी आणि ती शिष्य होऊन करावी.

कृती. दळण थोडे थोडे आणावे. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने पीठ लवकर कडवट होते. ज्वारीचे पीठ जुने झाले की विरी जाते व भाकरी चिरते. ज्वारीत गव्हासारखे ग्लूटेन नसल्याने पिठात कढत पाणी घालून उकड काढावी, परातीत तळहाताने रगडून मळावे, थापावे, तव्यावर टाकताच वरून पाण्याचा हात फिरवावा, उलटावे आणि शेवटी आचेवर फुगवावे. सुरुवातीचे उत्पादन तुकड्यांच्या स्वरूपात निघते. ते दुधात कुस्करून वाढावे. मुद्दाम केल्यासारखे दिसते.

भाकरी एकटी कधीही वाढू नये. पिठले, ठेचा, कांदा आणि लोण्याचा गोळा हे तिचे जामीनदार होत. ज्वारीत लायसिन कमी असते, डाळीत भरपूर असते. म्हणजे पिठले-भाकरीची जोडी ज्यांनी जमवली त्यांनी प्रयोग पूर्ण केला होता, निबंध तेवढा लिहायचा राहिला.

मुहूर्त. प्रारंभ भोगीला करावा. त्या दिवशी तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीला विरोध करण्याची प्रथा नाही. पुढे आठवड्यातून एक वार ठरवावा व तो वाढवण्याची घाई करू नये. एकादशीला साबुदाण्याऐवजी वरईचा भात करावा. साबुदाणा म्हणजे कसाव्याच्या कंदाचा जवळजवळ निव्वळ स्टार्च. वरई हे भरडधान्य. भरडधान्याला ठाम नकार देणारे घर ते वर्षानुवर्षे दाण्याच्या आमटीसोबत आवडीने खात आले आहे. हा पुरावा जपून ठेवावा, वापरू नये.

सामान्य दोष. नाचणीची बिस्किटे आणून सुधारणा झाली असे समजणे हा मुख्य दोष. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तिथे पहिला मान मैद्याचा असेल तर नाचणी पाहुणी समजावी. दुसरा दोष म्हणजे चार प्रकारची पिठे एकदम भरून ठेवणे. त्यामुळे सुधारणा पोरकिड्यांपर्यंत पोहोचते, घरच्यांपर्यंत नाही. तिसरा दोष प्रवचन. तो सर्वांत महाग पडतो, कारण त्याच रात्री जेवण बाहेरून मागवले जाते.

यशाचे निकष. स्तुतीची अपेक्षा धरू नये. तक्रार भाकरीबद्दल न येता ठेचा कमी पडल्याबद्दल आली, तर पहिली पायरी गाठली असे मानावे. ज्येष्ठांनी काही न बोलता दुसरी भाकरी घेतली, तर दुसरी. पिझ्झा महिन्यातून एकदा येत राहतो. तो अपयशात धरू नये. सुधारकाने स्वतः आहाराविषयी बोलणे सोडले, की सुधारणा पूर्ण झाली.