पाटी कुणाची, गळा कुणाचा

डेव्हिड गेटा गात नाही. पॅरिसच्या क्लबांत रात्र-रात्र रेकॉर्डी फिरवून वर आलेला हा माणूस. तरी २००९च्या ‘व्हेन लव्ह टेक्स ओव्हर’वर पहिलं नाव त्याचं. ज्या केली रोलंडनं जीव तोडून गायलं, ती ‘फीचरिंग’च्या मागे.

एका गाण्यावर अशी दोन नावं येण्याला कारण दुकान. अ‍ॅपलनं २००३ मध्ये आयट्यून्सचं ऑनलाइन दुकान थाटलं आणि अल्बम फोडून गाणी सुटी विकायला काढली, ९९ सेंटला एक. २००५ पासून बिलबोर्डही हॉट १०० या गाण्यांच्या क्रमवारीच्या हिशेबात डाउनलोड धरू लागलं. मग बारा गाण्यांचा खटाटोप हवा कुणाला? एक गाणं, दोन नावं, दोन्हीकडची गिऱ्हाइकं. त्यातही फुकट ऐकायला मिळणार सुरुवातीला जेमतेम तीस सेकंद; हात खिशाकडे जायला हवा तो तेवढ्यातच.

नावांचा क्रम मात्र लग्नपत्रिकेसारखा, मानपान बघूनच. ‘वुई फाउंड लव्ह’ (२०११) अमेरिकेत १० आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. गाणं लिहिलं, रचलं कॅल्विन हॅरिसनं. पण समोर रिहाना, म्हणून ‘फीचरिंग’ला गेला तो. पुढे त्यानं ते स्वतःच्या ‘१८ मंथ्स’मध्येही घातलं आणि त्या एकाच अल्बमची ९ गाणी ब्रिटनच्या पहिल्या दहात गेली. मायकल जॅक्सनलाही हे जमलं नव्हतं. अर्थात जॅक्सन अल्बम करायचा, हे सुट्या मालाचं खोकं होतं.

गेटाच्याच ‘टायटॅनियम’ची गंमत उलटी. गीतकार सियानं ते दुसऱ्या कुणी गावं म्हणून नुसतं नमुन्यादाखल गाऊन दिलं होतं. गेटानं तिचाच आवाज ठेवला, तोही तिला न विचारता. पडद्यामागे सुखात असलेली बाई नको असताना स्टार झाली.

पूर्वी याहून वाईट होतं म्हणा. १९९० मध्ये सी अँड सी म्युझिक फॅक्टरीच्या गाण्यात गळा मार्था वॉशचा आणि व्हिडिओत ओठ हलवणारी दुसरीच. वॉशला श्रेयासाठी कोर्टात जावं लागलं.

अ‍ॅलो ब्लॅक कोर्टात गेला नाही. ‘वेक मी अप’ (२०१३) त्यानं गायलं, लिहिण्यातही तो होता. पाटीवर एकटा डीजे अविची. पुढच्याच वर्षी ब्लॅकनं हिशेब जाहीर केला: पॅन्डोरा या इंटरनेट रेडिओवर अमेरिकेत १६.८ कोटींहून जास्त वेळा गाणं वाजलं आणि गीतकार म्हणून त्याच्या वाट्याला ४,००० डॉलरही आले नाहीत. ९९ सेंटच्या दुकानात निदान भाव लिहिलेला असायचा.