खाओ सानवरची जत्रा

आमच्या मास्तरांचं म्हणणं असं, की बॅकपॅकिंगचा शोध मोर्शी तालुक्यात लागला. पुरावा म्हणून ते रिद्धपूर पुढं करतात. तेराव्या शतकात गोविंदप्रभू तिथं राहत होते आणि त्यांना गुरू मानणाऱ्या चक्रधर स्वामींनी भिक्षूंना नित्य अटन सांगितलं. एका गावी रुतून बसू नका, मागून खा, झाडाखाली निजा. "मंग हे गोरे पोट्टे दुसरं काय करते?" हा मास्तरांचा सवाल. पुढं आपल्याच जिल्ह्यातले तुकडोजी महाराज 1955 साली जपानच्या परिषदेला गेले आणि खंजिरीवर भजन म्हणून आले. एक खंजिरी, एक झोळी. याहून हलकं सामान कोण नेणार?

माझ्या मामेभावाला हे पटत नाही. तो पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो, त्यामुळे त्याला जगातली प्रत्येक गोष्ट कोणी सुरू केली ते ठाऊक असतं. त्याच्या मते पाठीवर पिशवी टाकून स्वस्तात फिरायची वाट टोनी आणि मोरीन व्हीलर या नवराबायकोनं रुळवली, आग्नेय आशियावरच्या 1975 च्या त्यांच्या पुस्तकानं. "पंच्याहत्तर म्हणजे कालचं," असं म्हणून मास्तरांनी व्हीलर दांपत्याला निकालात काढलं.

तर असे आम्ही चौघं: मास्तर, मामा, मामेभाऊ आणि मी. नोव्हेंबर 2023 मध्ये थायलंडनं भारतीयांना व्हिसा माफ केला आणि मामांचा आंबिया बहाराचा संत्रा बगीचा त्याच मोसमात बऱ्या भावानं गेला. फुकट व्हिसा आणि खिशात व्यापाऱ्याचे पैसे, हे दोन योग एकत्र आले की मोर्शीचा माणूस बँकॉकलाही जातो.

मामेभावाचा नियम होता, माणशी एक पाठपिशवी, वजन सात किलो. मामांच्या पिशवीत सतरंजी, नायलॉनची दोरी, टॉर्च, स्टीलच्या डब्यात ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि पायलीभर चिवडा निघाला. कपड्यांना जागाच उरली नव्हती. "कपड्याले काय, अंगावर हाय ना एक," मामा म्हणाले. वर त्यांना टोपलीभर संत्री न्यायची होती. ताजी फळं परदेशात न्यायला कागदपत्रं लागतात हे समजावल्यावर मामा हताश झाले. "बांगलादेशानं ड्युटी वाढवली, यायनं तं दारच लावून घेतलं." आधीच हैराण झालेल्या संत्रा बागायतदाराला थायलंडचं हे वागणं लागणारच.

बँकॉकचा खाओ सान रोड हा पाठपिशवीवाल्यांच्या जमातीचा मुख्य अड्डा. एके काळी हा तांदळाचा बाजार होता, हे कळल्यावर मामांना जरा आपुलकी वाटली. 1782 साली वसलेल्या या शहरानं 1982 मध्ये दोनशे वर्षांचा सोहळा केला. त्या सुमारास परदेशी पाहुण्यांची रीघ लागली आणि इथल्या घरमालकांनी खोल्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आता तांदूळ शोधायचा तर ताटातच.

आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. दोन्ही बाजूंना कर्कश गाणी. काडीला टोचून तळलेले विंचू, आणि खायचे नसतील, नुसता फोटो काढायचा असेल, तरी पैसे मागणारी पाटी. रस्त्यावर खुर्च्या टाकून पाय चोळून घेणाऱ्यांची रांग. गोंदवणारे. पोरींच्या बारीक बारीक वेण्या घालून देणाऱ्या बाया. मामा भर रस्त्यात थांबले. "अबे, हे तं सालबर्डीची जत्रा हाय!"

आणि ते शंभर टक्के खरं होतं. महाशिवरात्रीला आमच्या सालबर्डीला हेच असतं. भोंगे, गोंदणवाल्या, खाण्याची दुकानं, धूळ, हरवलेली माणसं आणि त्यांच्या नावानं होणारा पुकारा. तिथं फक्त वर डोंगर असतो आणि डोंगराच्या भुयारात महादेव. दर्शन झालं की माणूस घरी परततो, कारण यात्रा संपलेली असते. खाओ सानच्या जत्रेत देवच नाही. त्यामुळे परत कधी फिरायचं हे कोणालाच कळत नाही आणि पहाटे तीनलाही तीच पोरं त्याच कोपऱ्यावर उभी दिसतात.

हॉस्टेलात एका खोलीत आठ जण, पलंगावर पलंग, बाया-माणसं सगळी एकत्र. मला वाटलं, मामा बिथरतील. पण त्यांनी पंढरपूरच्या धर्मशाळेत याहून दाटीत रात्री काढल्या होत्या. त्यांनी वरच्या पलंगावर सतरंजी अंथरली, खिडकीला दोरी बांधून पंचा वाळत घातला आणि खालच्या डच पोराची चौकशी मांडली. मामेभाऊ दुभाष्या.

"कवा निंगाला म्हणा घरून?"

आठ महिने झाले, तो म्हणाला.

"घरचे ईचारत नाही काय? वावर कोण पाह्यतं?"

वावर नाही म्हणाला. मामांनी त्याच्याकडे अशा काही कळवळ्यानं पाहिलं, की त्या पोराला वाटलं आपल्या देशावर काहीतरी संकट आलंय. नंतर त्याला ठेचा मिळाला. त्यानं तो भाकरीशिवाय, चमच्यानं खाल्ला आणि रात्रभर पाणी पीत बसला. उरलेल्या खोलीला मामांच्या घोरण्यानं जागं ठेवलं. सकाळी दोघांनी बोऱ्याबिस्तर गुंडाळून दुसरं हॉस्टेल गाठलं. "हेच ते नित्य अटन," मास्तर म्हणाले.

राजवाड्याच्या वाटेवर एका भल्या गृहस्थानं सांगितलं, की आज राजवाडा बंद आहे, मी तुम्हाला टुकटुकनं दुसरं देऊळ दाखवतो, वाटेत एक खड्यांचं दुकानही आहे. बँकॉकमध्ये ही युक्ती फार जुनी आहे आणि तिला शिकलेसवरलेले फसतात. मामांची हयात मात्र दलालांशी बोलण्यात गेलेली. ते हसतहसत टुकटुकमध्ये बसले. दुकानात दोन थंडगार शीतपेयं घेतली, नीलमचा भाव निम्म्यावर आणला, मग निम्म्याच्या निम्म्यावर, आणि शेवटी "घरी ईचारून सांगतो" म्हणून उठले. दुकानदार दारापर्यंत पोचवायला आला, पण निरोप द्यायला नव्हे, खात्री करायला.

राजवाडा अर्थातच उघडा होता. परदेश्यांना तिकीट 500 बात, म्हणजे हजाराच्या वर रुपये. मामा यावर अजून बोलतात. दाराशी अर्ध्या चड्डीतल्या गोऱ्यांना अडवून पाय झाकायला लावत होते. धोतरातले मामा मात्र मानानं आत गेले. आत पन्नाबुद्धाच्या देवळाभोवती रामकथेची 178 भित्तिचित्रं आहेत. मास्तर हरखून एकेका चित्रापुढं थांबत होते, तोवर त्यांना तिथल्या कथेतला मारुती कळला. थाई रामायणात तो रसिक आहे. रावणाची मत्स्यकन्या सुवन्नमच्छा हिच्यावर त्याचं प्रेम बसतं आणि त्यांना मुलगाही होतो. मास्तरांचा चेहरा उतरला. "आपल्याकडं मकरध्वजाचा प्रश्न घामाच्या एका थेंबावर मिटवला होता," ते म्हणाले, "यायनं सरळ संसारच मांडून देल्ला." त्यानंतर त्यांनी चित्रं जरा लांबूनच पाहिली.

जेवणाचे हाल होतील असं वाटलं होतं, पण तिथं पिवळ्या झेंडीवर लाल अक्षरं असलेली दुकानं असतात. ती अक्षरं आपल्या डोळ्यांना इंग्रजी 17 सारखी दिसतात. मांस नाही, मासळी नाही, कांदा-लसूणही नाही. मास्तरांना रिद्धपूरला जेवल्यासारखं वाटलं. मामांना आजारी पडल्यासारखं. ठेचा तिथं संपला.

परतताना सुवर्णभूमी विमानतळावर पासपोर्टवर शिक्का मारून आत वळलो तर समोर अख्खं समुद्रमंथन. देव-दानव वासुकी ओढताहेत, मंदार पर्वतावर विष्णू उभा. मामांनी चपला काढल्या, हात जोडले, भोवतीच्या फोटो काढणाऱ्यांना बाजूला सारून प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "झालं दर्शन. आता निंगा."

तुम्ही जाणार असाल तर एवढं करा. चाओ फ्राया नदीवर नारिंगी झेंड्याची बोट धरा. आम्ही गेलो तेव्हा भाडं 16 बात होतं, कुठंही उतरा. खाओ सानला फ्रा आर्थित धक्का जवळ पडतो. रस्त्यावर बाटलीत संत्र्याचा ताजा रस मिळतो, तोही प्या, उत्तम असतो. फक्त सोबत संत्रा बागायतदार असेल तर त्याला त्या बाटलीची किंमत रुपयांत सांगू नका.