वाढीव प्रोसेसरांच्या मागणीस जाहीर पाठिंबा

माननीय अकाउंट्सप्रमुख साहेब,


'अतितातडीचे' असा शेरा मारलेलं आपलं मागणीपत्र मिळालं. सामायिक सर्व्हरवर आपल्या विभागाच्या मशीनला सध्या ८ व्हर्च्युअल प्रोसेसर आहेत, ते १६ करावेत, 'शक्य असल्यास ३२', असं आपण लिहिलंत. त्या 'शक्य असल्यास'मधला संयम पाहून मला भरून आलं. सिस्टिम्समधला एक य:कश्चित माणूस म्हणून मी या मागणीला जाहीर पाठिंबा देतो.

गेल्या महिन्यात चाचणीपुरते १६ दिले, तेव्हाचं वैभव मी डोळ्यांनी पाहिलंय. एक्सेलच्या खालच्या पट्टीत 'कॅल्क्युलेटिंग, १६ थ्रेड्स, ४ टक्के' ही अक्षरं झळकत होती. चार टक्क्यांवर ती बराच वेळ झळकली. पुढे आपला मॅक्रो सुरू झाला तेव्हा मी टास्क मॅनेजर उघडला. सोळा चौकटींपैकी एका वेळी एकच वर उसळत होती, बाकीच्या पंधरा आडव्या. मॅक्रो कितीही मोठ्या घरचा असला तरी एका वेळी एकाच प्रोसेसरवर चालतो. आठ असताना तो एकूण १२ टक्के वापर दाखवायचा, सोळा झाल्यावर ६ दाखवू लागला. त्यावर आपण विचारलंत, "सर्व्हर तर रिकामाच आहे, मग फाइल का अडकते?" प्रश्न इतका नेमका होता की उत्तर द्यायची माझी छाती झाली नाही.

संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ सालीच या बाबतीत अपशकुन करून ठेवलाय. जे काम एकामागून एकच करावं लागतं, ते कितीही हात लागले तरी तेवढाच वेळ खातं. आपल्या खतावणीत प्रत्येक ओळीची आरंभीची शिल्लक म्हणजे वरच्या ओळीची अखेरची शिल्लक. वरची ओळ झाल्याशिवाय खालची हलत नाही. समजा, साठ टक्के हिशोब असा साखळीतला आहे. मग एका प्रोसेसरवर दहा मिनिटं घेणारं काम आठांवर साडेसहा मिनिटांत होईल आणि सोळांवर सव्वासहा. प्रोसेसर दुप्पट, नफा १५ सेकंद. बत्तीस दिले तर आणखी साडेसात. हा नफा बॅलन्स शीटमध्ये कुठे दाखवायचा, ते आपणच जाणे.

आता शेजाऱ्यांचं. हे प्रोसेसर कागदावरचे. खाली खरे कोर २४, दोन सॉकेटांत बारा-बारा. त्यांवरच स्टोअर्स, डिस्पॅच आणि हजेरीची मशीनं चालतात. आठांचं मशीन एका सॉकेटात, आपल्या मेमरीच्या जवळ, सुखानं मावत होतं. सोळांचं मावत नाही, म्हणून काही प्रोसेसर पलीकडे जातात आणि डेटासाठी येरझाऱ्या सुरू होतात. शिवाय इथे पंगतीचा न्याय आहे. एका मशीनच्या पानावर बसलेल्या प्रोसेसरांपैकी काहींना वाढपीच, म्हणजे खरा कोर, मिळाला नाही आणि काही फारच पुढे गेले, तर पुढच्यांनाही हात आखडून थांबावं लागतं. पंगत जितकी मोठी, तितकं हे थांबणं जास्त. मशीन कामाला तयार, पण खरा कोर मोकळा नाही, अशा ताटकळण्याला आमच्यात 'रेडी टाइम' म्हणतात. तो पाच टक्क्यांवर गेला की आम्ही अस्वस्थ होतो. चाचणीच्या त्या आठवड्यात डिस्पॅचच्या मशीनचा रेडी टाइम त्याच्या कितीतरी वर होता. खिडकीवर एकेक गेटपास छापायला दीड मिनिट, आणि फाटकाशी ट्रक हॉर्न वाजवत उभे. अर्थात ट्रकवाल्यांनी मागणीपत्र दिलेलं नाही, त्यामुळे त्यांची अडचण अधिकृत धरता येत नाही.

जीएसटीचं टू-बी विवरण १४ तारखेला आलं की २० ला थ्री-बी विवरणपत्र भरेपर्यंत आपले सहा जण एकाच मशीनवर रिमोटनं बसून जुळवणी करतात. एक्सेलला जेवढे प्रोसेसर दिसतात तेवढे तो आपलेच मानतो. सोळा दिले की सहा जणांचे मिळून ९६ थ्रेड, प्रोसेसर १६. ऑप्शन्समध्ये, अ‍ॅडव्हान्स्डखाली, फॉर्म्युलाजपाशी प्रत्येकाच्या थ्रेडांचा आकडा ४ वर बांधून ठेवता येतो, पण ते मी सुचवणार नाही. विभागाच्या प्रतिष्ठेला शोभणार नाही.

आणि फाइल! 'एमआयएस फायनल नवीन फायनल २' हिच्याबद्दल बोलणं म्हणजे मर्यादाभंग. तिच्यातला सम-प्रॉडक्ट अख्खा कॉलम धरतो. डेटा १८,००० ओळींचा. पण एक्सेल २००७ पासून कॉलमात १०,४८,५७६ ओळी आहेत आणि हा फॉर्म्युला रिकाम्या ओळीही इमानेइतबारे गुणतो. महिन्याचं नाव घातलं की त्या शीटवरचा आकडा आणणारा इनडायरेक्ट हजारो सेलांत पेरलाय. कुठेही काही टाइप केलं की तो सगळा पुन्हा मोजला जातो, आणि हे काम इतर थ्रेडांना वाटूनही देत नाही. (परवा मी मथळ्यातल्या 'दीनांक'चा 'दिनांक' केला. शुद्धलेखनाची किंमत म्हणून कर्सरचं निळं चक्र बघत बसलो.)

कमी कोरांचा, पण प्रत्येक कोर जास्त गिगाहर्ट्झचा, असा सर्व्हर घेतला असता तर आपल्या मॅक्रोला खरोखरच फरक पडला असता. पण खरेदी समितीपुढे '३२' जसा उठून दिसतो, तसा तो दिसला नसता. तेव्हा आपण मागणी रेटाच. मंजुरी आली की मी त्याच रात्री प्रोसेसर वाढवीन. दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्पॅचच्या खिडकीवर कोणी बसायचं, तेवढं मात्र आपल्या सहीनं कळवावं.

आपला नम्र,
सिस्टिम्स विभाग

ता. क. आपल्याकडे आर्टिकलशिप करणाऱ्या मुलीनं काल संध्याकाळी फाइलची एक प्रत काढली, सम-प्रॉडक्टला २०,००० ओळींची हद्द घातली आणि इनडायरेक्टच्या जागी चूज बसवला. ती प्रत आठ प्रोसेसरांवर दीड मिनिटात मोजून झाली. मात्र तिनं विहित नमुन्यात अर्ज केलेला नसल्यानं या गोष्टीची नोंद घेता आलेली नाही.