पावसाळी पुरवणी

लोणावळ्यात जून ते सप्टेंबर पेपर वाचण्याआधी वाळवावा लागतो. आमच्या घरी त्याची रीत ठरलेली आहे. पहिलं पान गॅसजवळ, खेळाचं फ्रीजच्या मागे, आणि घाई असली तर सरळ इस्त्री. इस्त्रीने अग्रलेख थोडा कडक होतो, एवढंच.

तर गेल्या जुलैत पेपरातून एक चिठ्ठी पडली. 'वाचकांस नम्र विनंती' एवढंच वाचता आलं; पुढची शाई पाझरून पुरवणीतल्या जाहिरातीला मिळाली होती. मजकूर काय असणार ते मला ठाऊक होतं. पेपर घरपोच टाकण्याचे महिन्याला वीस रुपये होते, ते तीस होणार अशी कुणकुण बाजारात होतीच. पण चिठ्ठी वाचता आली नाही, हेही तितकंच खरं. त्या खरेपणाच्या वळचणीला मी दोन महिने उभा राहिलो.

एरवी वृत्तपत्र कामगार म्हटलं की माझी मूठ आपोआप वळते. मजिठिया वेतन आयोग मला तारखांसकट पाठ आहे. 11 नोव्हेंबर 2011 ला अधिसूचना निघाली, मालक कोर्टात गेले, 7 फेब्रुवारी 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शिफारशी उचलून धरल्या. तरी पैसे हातात पडेनात म्हणून कामगारांना अवमानाच्या याचिका घेऊन पुन्हा तिथेच जावं लागलं. साऱ्या जगाचे संप छापणाऱ्या पेपरांत ही बातमी शोधायला मात्र भिंग लागलं असतं. अशा वेळी वाचकांनी कामगारांच्या मागे उभं राहून महिनाभर पेपर बंद करावा, असं मी चहाच्या टपरीवर ठणकावून सांगितलं होतं. पहिला फटका पेपर टाकणाऱ्या पोराला बसला असता, हे काही तेव्हा सुचलं नाही. तो त्या आयोगात मुळी बसतच नाही. विक्रेता कमिशनवर, आणि लाइन टाकणारा पोरगा विक्रेत्याच्या मर्जीवर. पहाटे फुटपाथवर बसून पुरवण्या भरायच्या, त्याचा वेगळा हिशेब कुठल्याच शिफारशीत नाही.

खरं तर आपल्याकडे पेपरासाठी माणसं रस्त्यावर उतरलेली आहेत. 'केसरी'तल्या लेखांवरून 22 जुलै 1908 ला टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. वर्षाला एक दिवस. गोळीबार झाला, माणसं मेली. त्यातल्या बहुतेकांना तो पेपर वाचताही येत नव्हता. त्याच वर्षी आमच्या मावळात, तळेगावला, लोकांनी पैसा-पैसा गोळा केलेल्या पैसा फंडातून काचेचा कारखाना उभा राहिला. हे दोन्ही दाखले मी पाहुण्यांना भुशी डॅमवर ऐकवतो, आणि ऐकवता ऐकवता भाजलेल्या कणसाचे पन्नास रुपये हूं की चूं न करता देतो. पेपर टाकण्याचे वरचे दहा मात्र घासाघीस करण्यासारखे वाटतात. बहुधा कणीस पहाटे पाचला उठून दारात येत नाही, म्हणून त्याचा मान मोठा.

आमच्या कट्ट्यावर या वाढीची चर्चा झाली. एक जण म्हणाले, "पेपर आता मोबाइलवर येतो." दुसरे म्हणाले, "मग रद्दी कुठून आणणार?" यावर सगळेच गंभीर झाले. 2020 च्या एप्रिलात सरकारने घरोघर पेपर टाकायला बंदी केली होती, तेव्हा याच मंडळींनी जुने अंक पुन्हा वाचून काढले होते आणि सुटलेल्या शब्दकोड्यांतले चुकलेले शब्द खोडून नव्याने भरले होते. तरी ठराव झाला तो 'पाहू पुढच्या महिन्यात' असाच.

सप्टेंबरात पोरगा बिल घेऊन आला. वीस रुपये मोजून दिले. तो म्हणाला, "काका, चिठ्ठी टाकली होती."

"भिजली रे. अक्षर लागलं नाही."

"हो का? बरं."

त्याने वाद घातला नाही, चेहरासुद्धा पाडला नाही. मला उगाचच हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून झोडपून काढणारा पाऊस. नेहमीसारखा धप्प आवाज झाला. दार उघडलं तर पेपर पडवीच्या कडेला, पार चिंब, अग्रलेख पुरवणीला घट्ट चिकटलेला. त्याच्या शेजारी दुधाची रिकामी पिशवी धुऊन, पुसून, दोन रबरांनी करकचून बांधून ठेवलेली. आत चिठ्ठी होती. ठणठणीत कोरडी.