मीटर उतरला, भाव चढला

गाडी आठ वर्षांची. रनिंग बेचाळीस हजार. मालक डॉक्टर. गाडी फक्त रविवारी बाहेर पडायची.

महाराष्ट्रात इतके डॉक्टर आहेत? आणि सोमवार ते शनिवार ते दवाखान्यात चालत जातात?

पाऊस सरला की दापोली तालुक्यात जुन्या गाड्यांचा मोसम लागतो. मुरुड, कर्दे, हर्णै या पट्ट्यात ज्याने परसात चार खोल्या बांधल्या, त्याला खेड स्टेशनवरून पाहुणे आणायला सात सीटची गाडी लागते. नवी परवडत नाही. मग मुंबईच्या एजंटला फोन जातो. पहिला प्रश्न, ॲव्हरेज किती देते? दुसरा, रनिंग किती? तिसरा प्रश्न नसतोच, कारण तोवर टोकन दिलेलं असतं.

(मुरुड म्हणजे दापोलीचं. जंजिऱ्याचं वेगळं, लातूरचं आणखी वेगळं. मॅपवर विसंबलेला एजंट गाडी दाखवायला आधी जंजिऱ्याला पोहोचतो. तेवढे किलोमीटरही पुढे पुसले जातात.)

अट मात्र पक्की. गाडी जपानी हवी.

आता जपानी म्हणजे काय? आडनाव जपानी, जन्म हरियाणातल्या मानेसरचा, नाहीतर बंगळूरुजवळच्या बिडदीचा. खरीखुरी, जपानच्या रस्त्यावर पळालेली जुनी गाडी आणायची म्हटली तर आयात धोरण आडवं येतं. तीन वर्षांहून जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडेच हवं, उतरवायची ती मुंबई बंदरात, आणि पुढची पाच वर्षं रस्त्यावर धावण्याच्या लायकीची असली पाहिजे. वर शुल्क एवढं, की त्यात आणखी एक गाडी आली असती.

म्हणजे जुन्या जपानी गाडीपासून सरकारने आपलं रक्षण केलं. जुन्या देशी गाडीपासून कोण करणार?

ज्यांना हे रक्षण मिळालं नाही, त्यांचं बघा. मॉरिशसमधल्या अनेक मराठी कुटुंबांचे पूर्वज आपल्याच रत्नागिरीकडून ऊसमळ्यांवर गेले. तिथे जपानहून आलेली वापरलेली गाडी ही रोजची गोष्ट. न्यूझीलंडमध्ये तेच. ऑकलंडला गेलेला आपला पोरगा पहिली गाडी घेतो, ती बहुधा जपानमध्ये कोणीतरी वापरून सोडलेली असते. पण शहाणा असेल तर तो गाडीआधी कागद बघतो.

कागद कसला? जपानमध्ये गाडीची सक्तीची तपासणी असते, तिला म्हणतात शाकेन. नवी गाडी तीन वर्षांनी, पुढे दर दोन वर्षांनी. तेव्हा मीटरचा आकडाही नोंदला जातो. हा खर्च मोठा, म्हणून तारीख जवळ आली की अनेक जण गाडीच काढून टाकतात. ती लिलावात जाते. तिथला तपासनीस तिची पत्रिका मांडतो. दर्जाचा आकडा, कुठे ओरखडा, कुठे पोचा, कुठला पत्रा बदललाय, कुठे गंज धरलाय. मीटरबद्दल शंका असेल तर तीही त्याच पानावर.

तिकडे लबाड नसतात असं नाही. मीटर तिथेही मागे गेलेत. पण तिथल्या लबाडाला दोन कागदांशी झुंजावं लागतं. इथल्याला फक्त गिऱ्हाइकाशी, आणि ते तर फसायलाच एसटी पकडून आलेलं असतं.

कागद असला म्हणून वाचता आला पाहिजे. इंजिनाजवळ तेलबदलाचं स्टिकर, त्यावर वर्ष नुसतं २५. आपला माणूस खूश, २०२५ साली तेल बदललंय! ते २५ जपानी राजवटीतलं, हेइसेई २५, म्हणजे २०१३. घरात शके लिहिलेलं पंचांग टांगणाऱ्यांना तरी हे सुचायला हवं होतं.

आता आपल्याकडे या. खासगी गाडी एकदा पासिंग झाली की पंधरा वर्षं तिने तपासणीला तोंड दाखवायला नको. मधे पीयूसी असते. गाडी उभी राहते, धूर मोजतात, नंबर प्लेटचा फोटो काढतात. मीटर तिथून दोन हातांवर. त्याचा फोटो कोणी काढत नाही.

नियम झालेच नाहीत असंही नाही. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या अधिकृत व्यापाऱ्याने ताब्यातल्या गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवही ठेवायची आहे. फेरी कशासाठी, चालक कोण, वेळ काय, अंतर किती. छान. दुकान ते पेट्रोल पंप हे दोन किलोमीटर चोख झाले. आधीचे दीड लाख रामभरोसे.

आणि चहाच्या टपरीवर बसणारा एजंट अधिकृत कधी होता?

पूर्वी मीटर मागे न्यायचा तर केबल काढून ड्रिल लावावं लागायचं. कष्टाचं काम होतं. आता लॅपटॉप जोडला, आकडा टाकला, चहा येईपर्यंत मोकळे. दिसायला सगळं डिजिटल, म्हणून गिऱ्हाइकाचा विश्वास उलट वाढलेला.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मात्र बहुतेक गाड्यांचा इतिहास पडून असतो. मालकाला सोबत घ्या, नंबर सांगा, कुठल्या तारखेला किती किलोमीटरवर गाडी आली होती ते कळतं. हे सुचवलं की उत्तर ठरलेलं, 'अहो, तसं विचारणं बरं दिसत नाही.' सहा लाख देताना बरं दिसतं, एक नंबर विचारताना वाईट दिसतं. भीड भिकेची बहीण ही म्हण नुसती फळ्यावर लिहायला होती काय?

'पण गाडी दिसते कशी बघा, नवीकोरी!'

दिसण्याची गोष्ट मुरुडकरांना कोणी सांगू नये. याच गावचे धोंडो केशव कर्वे १८७५ साली परीक्षेसाठी शंभरावर मैल तुडवत, कुंभार्ली घाट चढून, पायी साताऱ्याला गेले. वय सतरा पुरं. परीक्षा समितीने बघितलं आणि म्हटलं, तू लहान दिसतोस. बसू दिलं नाही. गाडीचं नशीब बघा. ती वयापेक्षा लहान दिसली की त्याच दिवशी पास.

साताऱ्याच्या समितीचं चुकलंच. पण निदान तिला शंका तरी आली.

शंका घ्यायला यंत्र लागत नाही. पेडलचं रबर बघा, चाळीस हजारांत ते गुळगुळीत होत नाही. स्टिअरिंगची कातडी, ड्रायव्हर सीटची उतरायच्या बाजूची कड, गिअरच्या मुठीवरचे पुसट आकडे, यांना लॅपटॉप जोडता येत नाही. टायरवर चार आकडे असतात. १८२३ म्हणजे २०२३ सालचा अठरावा आठवडा. मीटर म्हणतो तीस हजार, आणि चारही टायर गाडीहून पाच वर्षांनी लहान. मग पहिले टायर झिजले कुठे? मुरुडच्या दुर्गादेवीच्या देवळाला प्रदक्षिणा घालून?

तरी कोणीतरी म्हणणारच, आकडा खोटा असला तर काय बिघडतं? गाडी चालतेय ना?

बिघडतं ते असं. काही इंजिनांत साखळी असते, काहींत टायमिंग बेल्ट. बेल्ट साधारण लाखभर किलोमीटरच्या आसपास बदलायचा, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. समजा गाडी धावलीय एक लाख चाळीस हजार आणि मीटर दाखवतो साठ. नवा मालक हिशेब करतो, अजून चाळीस हजार निवांत. मीटर मागे आणला, बेल्टला कोणी कळवलंच नाही. दापोलीजवळच्या आसूदच्या चढावर तो तुटतो, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, गाडीत सहा पाहुणे आणि त्यांचं सामान. इंजिन उघडण्याचं बिल हातात आलं की ॲव्हरेज किती देते हा प्रश्न कायमचा सुटतो.

खरोखर कमी धावलेली गाडी म्हणजेही लॉटरी नव्हे. सर्व्हिसचं वेळापत्रक बहुतेक गाड्यांना दुहेरी असतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. आपण किलोमीटर वाचतो, वर्ष गाळतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि कोकणात हवेत दुसरं असतं काय? कूलंट मरतं, रबर कडक होतं, बॅटरी बसते. आठ वर्षांत तीस हजार धावलेली आणि दोनदाच सर्व्हिसिंग झालेली गाडी एकीकडे, लाख धावून दर वर्षीची पावती दाखवणारी दुसरीकडे. मी डोळे झाकून दुसरी घेईन. डोळे उघडे ठेवले तरी दुसरीच.

आता मीटरला न कळणाऱ्या गोष्टी. कर्दे-मुरुडच्या पुळणीवर गाडी घालायची, ओल्या वाळूत गोल गोल फिरवायची, लाट अंगावर घ्यायची, फोटो काढायचा, रुतली की गावकऱ्यांना हाका मारायच्या. पुण्याला जाऊन वरून धुवायची. खालचं कोणी धुवायचं? खारं पाणी सुट्टी संपली म्हणून काम थांबवत नाही. तीन वर्षांनी हीच गाडी 'नॉन-ॲक्सिडेंटल, टॉप कंडिशन' होऊन मुरुडात विकायला येते. अपघात झालेलाच नव्हता, हे मात्र खरं.

जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, तेव्हा गाड्या पाण्याखाली गेलेल्या साऱ्या जिल्ह्याने पाहिल्या. पूर ओसरला. गाड्या कुठे गेल्या? सगळ्या भंगारात? सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, मुळाशी चिखलाची रेघ दिसते का बघा. गालिच्याखाली हात घाला. आणि आत अत्तराचा घमघमाट असेल तर अत्तराखाली काय आहे ते विचारा.

शिवाय मुंबई-गोवा महामार्ग आहेच. तिथे धावलेला एक किलोमीटर मीटरवर एकच भरतो, सस्पेन्शनवर तीन.

आरसी तरी बघता का? 'पहिल्या मालकाची' गाडी वाहन पोर्टलवर तिसऱ्याची निघते. आज पांढरी पाटी मिरवणारी कालपर्यंत पिवळ्या पाटीवर भाडी मारत असते. बँकेचा बोजा तसाच बसलेला असतो. हे सगळं मोबाइलवर दिसतं. पण मोबाइलवर आपण गाडीचे फोटो मेहुण्याला पाठवत असतो.

मग मीटर बघूच नये? बघा की. गाडीची नव्हे, विकणाऱ्याची परीक्षा घ्यायला बघा. आकडा खरा असेल तर पावत्या निघतात. खोटा असेल तर गोष्टी निघतात. सासऱ्यांची गाडी, अमेरिकेला गेलेल्या मुलाची गाडी, लेडीज हँड गाडी. एवढी कुटुंबवत्सल बाजारपेठ दुसरी नसेल.

राहता राहिलं जपानी आडनाव. तिकडे आता उलटी गंगा वाहतेय. गुरुग्रामला बनणारी पाच दारांची जिम्नी जानेवारी २०२५ मध्ये जपानच्या बाजारात मांडली. काही दिवसांतच पन्नास हजारांच्या आसपास नोंदण्या आल्या आणि कंपनीला नोंदणीच थांबवावी लागली. जपानी माणूस भारतातून आलेल्या गाडीसाठी रांगेत उभा राहिला. पहिलं शाकेन जवळ आलं की त्यातल्या काही लिलावात जातील, त्यांची पत्रिका मांडली जाईल, मीटरचा आकडा कागदावर चढेल.

मग मुरुडला एजंटचा फोन. 'साहेब, एक जिम्नी आलीय. डायरेक्ट जपानहून. इथल्या मालासारखी नाही.'