श्रीखंडाबरोबर पोर्ट? काय बाई तरी!

"काय गं, कोपऱ्यावरच्या बंगल्यातलं कळलं का तुला?"

मेंदीच्या कुंपणापलीकडून काकूंचा आवाज आला. मी गॅस बारीक केला आणि बाहेर आले.

"त्यांचा जावई आलाय ना पोर्तुगालहून?"

"आलाय, आणि पोर्टची बाटली घेऊन आलाय! परवा जेवायला बोलावलं होतं. पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड, आणि श्रीखंडाच्या वाटीला खेटून ती वाईन. तीही पाण्याच्या पेल्यातून! आमच्या ह्यांनी पेला रिकामा केला आणि अकरा वाजता लोकांच्या दिवाणखान्यात नाट्यपद लावलं. मला तर मेलं खोकल्याचं औषध वाटलं. आंबट नि जळजळीत."

"आंबट लागणारच काकू. जिलेबीवर चहा घेतला की तो बेचव लागतो ना, तसंच हे. माझी भाची वायनरीत पाहुण्यांना टेस्टिंग देते. तिचं पहिलं वाक्य ठरलेलं: ताटातल्यापेक्षा पेल्यातलं जास्त गोड हवं. श्रीखंडापुढे कुठली पोर्ट टिकणार?"

"आणि जळजळ?"

"तिच्यात 20 टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं. साध्या वाईनीत 12-13. काकांनी पेलाभर घेतली म्हणजे नाट्यपदावरच निभावलं म्हणायचं! ती घ्यायची 60 मिली, लहान ग्लासात, घोट घोट."

"एवढी कडक, मग गोड कशी? साखर ओततात का?"

"छे! द्राक्षाचा रस आंबायला लागला की यीस्ट त्यातली साखर खातं आणि अल्कोहोल करतं. पोर्टवाले दोन-तीन दिवसांत, निम्मी साखर शिल्लक असतानाच, त्यात द्राक्षाचंच 77 टक्क्यांचं स्पिरिट घालतात. यीस्ट मरतं, उरलेली गोडी तशीच राहते."

"बिच्चारं! भरल्या ताटावरून उठवलं की त्याला."

"हो ना! आणि काकू, पोर्ट म्हणवून घ्यायला द्राक्षं दोउरो नदीच्या खोऱ्यातलीच लागतात. 1756 मध्येच त्या खोऱ्याच्या हद्दी आखून घेतल्या होत्या."

"मग आम्ही गोव्याला गेलो की जी पोर्ट आणायचो, ती?"

"ती नावाची पोर्ट. गोड लाल वाईन. नाताळात केकबरोबर मजेत प्यावी, पण दोउरोशी तिचं नातं नावापुरतंच."

काकूंनी कढीपत्त्याची एक डहाळी मोडून माझ्या हातात दिली. म्हणजे गप्पा इतक्यात संपणार नव्हत्या.

"ती बाटली लाल नव्हती पण. तांबूस, मधासारख्या रंगाची. मला वाटलं, जुनी होऊन बिघडली."

"अय्या, मग टॉनी असणार! ती वर्षानुवर्षं लाकडी पिंपात ठेवतात. लाकडातून थोडी थोडी हवा लागते, लाल रंग उतरतो आणि अक्रोड, सुकं अंजीर, जळक्या साखरेचा वास येतो. बाटलीवर 10, 20, 30, 40 असे आकडे असतात."

"20 होतं बाई!"

"20 वर्षांची टॉनी श्रीखंडाबरोबर! जावयाचा चेहरा कसा झाला असेल?"

"सासूबाईंपुढे काय बोलणार? गप्प बसला. तू असतीस तर काय दिलं असतंस?"

"खारे काजू. भाजलेले बदाम-अक्रोड. खारट चीज मिळालं तर उत्तमच. इंग्रज लोक पोर्टबरोबर स्टिल्टन नावाचं निळ्या बुरशीचं चीज खातात. खारटाशेजारी गोडी खुलते. टॉनी फ्रिजमध्ये थोडी गार करून द्यायची, ती जळजळही कमी जाणवते."

"म्हणजे गोडाला गोड नाहीच लावायचं?"

"लावायचं की, बेतानं. स्पेनमध्ये पेद्रो हिमेनेझ जातीची द्राक्षं उन्हात वाळवून वाईन करतात. आपल्या तासगावला बेदाण्यासाठी सावलीत वाळवतात, तिकडे सरळ उन्हात. ती इतकी दाट आणि काळी होते की व्हॅनिला आइस्क्रीमवर ओतून खातात."

"ह्यांच्या शुगरचं मग काय होणार?"

"ती काकांना दाखवूसुद्धा नका! पोर्टमध्येच लिटरमागे साधारण 100 ग्रॅम साखर असते, हिच्यात कधीकधी 400 च्या वर."

"अगंबाई! त्यापेक्षा आपलं नाशिक बरं. इथं होते का असली काही?"

"होते ना. लेट हार्वेस्ट. शेनिन ब्लांची द्राक्षं तोडणी लांबवून वेलीवरच ठेवतात. पाणी आटतं, साखर दाटते. वरून स्पिरिट नाही, म्हणून ती हलकी. सुला वायनरीची येते 375 मिलीच्या लहान बाटलीत. चांगली गार करायची आणि कमी साखरेच्या फळांच्या टार्टबरोबर घ्यायची. गोडीला आंबटपणाची धार असली की वाईन चिकट लागत नाही. गोड वाईन चाखताना आधी तेच बघायचं."

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, कुंपणावर वाकल्या आणि आवाज खाली आणला.

"निम्मी बाटली उरलीय हं त्या जावयाच्या सासूकडे. फ्रूट केकमध्ये घालून संपवते म्हणाली."

"वीस वर्षांची टॉनी केकमध्ये? काकू, अडवा तिला! व्हिंटेज पोर्ट असती तर उघडल्यावर एक-दोन दिवसांत संपवावी लागली असती. टॉनी पिंपात हवा खाऊनच मोठी झालेली. बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर महिनाभर बिघडत नाही."

"मग गुरुवारची भिशी तिच्याकडेच लावते. तू काजू आण, लहान ग्लास मी आणते."

"आणि खायला ती काय करणारे?"

"काही का करेना. श्रीखंडाचा चक्का तेवढा मी आजच तिच्याकडून उसना मागून आणते!"