चि. पुराव्यास, मु. पो. जिनिव्हा

मु. पो. तामलवाडी,
ता. तुळजापूर, जि. धाराशिव

चि. पुरावा यास अनेक आशीर्वाद.

इकडील सर्व क्षेम आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. तू मोठा झालास, जिनिव्हा-लियाँला तुझी ऊठबस असते, मोठमोठे डॉक्टर भाषणात तुझं नाव घेतात, हे ऐकून ऊर भरून येतो. घरी मात्र तू फिरकत नाहीस. कधी आलासच तर एक ध्यानात ठेव. तुझ्या जन्मदाखल्यावर जिल्हा उस्मानाबाद आहे, आता पाट्या धाराशिवच्या आहेत. पाट्या बदलण्यात आम्ही काही कसूर ठेवलेली नाही.

तू कुठल्या घरचा, हे नव्या पोरांना माहीत नाही, म्हणून चारचौघांत सांगतो. 1999 साली बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून आपल्या जिल्ह्यात एक काम काढलं. 30 ते 59 वयाच्या धडधाकट बाया निवडल्या, 1,31,746. गावांचे 52 गट पाडले आणि चिठ्ठ्या टाकून चार वाटण्या केल्या. पहिल्या वाटणीतल्या बायांची गर्भाशयाच्या मुखाची एचपीव्ही तपासणी, म्हणजे ज्या विषाणूमुळे तिथला कॅन्सर होतो तो अंगात आहे का, हे पाहायचं. दुसरीत पॅप तपासणी, म्हणजे तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. तिसरीत अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायचं. चौथीला आपल्याला नेहमी मिळतं तेच: उपदेश.

आठ वर्षं हिशेब ठेवला. एचपीव्हीच्या वाटणीत 34,126 बाया होत्या, त्यांतल्या 34 जणी या कॅन्सरनं गेल्या. उपदेशाच्या वाटणीत 31,488, त्यांतल्या 64 गेल्या. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीनं मरण जवळपास निम्म्यावर आलं. 2 एप्रिल 2009 च्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये तू छापून आलास आणि लगोलग फॉरेनला गेलास. एक विसरू नकोस. 34 हा आकडा लहान दिसतो, तो शेजारी 64 उभे आहेत म्हणून. तुझ्या शिक्षणाचा खर्च कुणी केला म्हणून कुणी विचारलं, तर फक्त देणगीदारांची नावं सांगू नकोस, त्या चौसष्ट घरांचंही सांग. चौथ्या वाटणीला नुसता उपदेश देणं बरोबर होतं का, यावर परदेशात पुढं बरीच वादावादी झाली. इथं कुणी वाद घातला नाही. इथं कुणाला सांगितलंच नव्हतं की वाद घालण्याजोगं काही आहे.

आता मुद्द्याचं. 2021 मध्ये जिनिव्हाच्या जागतिक आरोग्य संघटनेनं सगळ्या देशांना सांगितलं की, पहिली पसंती एचपीव्ही तपासणीला द्या. त्या सांगण्यामागं तुझाही हात आहे. आपल्या देशाच्या कार्यक्रमात आधीपासून काय होतं? तिसऱ्या वाटणीतली, अॅसिड लावून बघायची. तुझ्याच वहीत ती फारशी चालली नव्हती. खोटं कशाला बोलू, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत तीच तपासणी दर दोन वर्षांनी नेमानं केली तेव्हा मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तेव्हा तीही टाकाऊ नाही. पण ती तरी व्हावी! 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायांना विचारलं की, गर्भाशयमुखाची तपासणी कधी झाली आहे का? शंभरात दोघीही निघाल्या नाहीत.

याचं कारण साहेब लोकांना तोंडपाठ आहे. बाया लाजतात, अडाणी आहेत, जनजागृती हवी. हे ऐकलं की मला तुझी फार आठवण येते. कारण तुझ्याच वहीत लिहिलंय की, बोलावल्यावर दहांतल्या आठ जणी आल्या होत्या. खुरपणी, लेकरं, सासू, सगळं सांभाळून आल्या. गावाजवळ सोय केली, नर्सबाईनं नीट समजावून सांगितलं, पुढच्या इलाजाला बार्शी होती, म्हणून आल्या. तेव्हा लाज कुणाला वाटायला हवी ते तूच येऊन सांग. माझं कुणी ऐकत नाही, मला जर्नलात छापलेलं नाही.

तू नाहीस, पण तुझा चुलतभाऊ गुटखाबंदी मात्र नेमानं येतो हो. जुलै 2012 मध्ये जन्मला. त्याचं आयुष्यच एक वर्षाचं, म्हणून दर वर्षी नवा आदेश काढून त्याला पुन्हा जन्माला घालतात. राज्याबाहेर पानमसाल्याची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी केली की ती कायद्यातून निसटते. तळहातावर एक केली की झाला गुटखा. राज्याची सीमा तर सोलापूरच्या पलीकडं लागलीच. आपल्या टोलनाक्यावर प्रत्येक गाडीचा फास्टॅग वाचतात, आत काय आहे ते मशीनला वाचता येत नाही. 2016-17 च्या तंबाखूविषयीच्या पाहणीत महाराष्ट्रात मोठ्या माणसांतले 26.6 टक्के तंबाखूवाले निघाले, त्यांतले बहुतेक खाणारे. शिवाय सकाळी चुलीवर मशेरी भाजणारी आजी स्वतःला त्यांत धरतच नाही. ती म्हणते, मी दात घासते.

आता भिंतीवर पोस्टर लागलंय, ‘जीवनशैली बदला, कॅन्सर टाळा’. रोज व्यायाम करा, भरड धान्य खा, ताण घेऊ नका. आमच्या बाया ते पोस्टर डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन वाचतात. ज्वारीची भाकरी पिढ्यान्‌पिढ्या खातोय, आता तिला ‘श्री अन्न’ म्हणायचं एवढाच बदल. तंबाखू, मशेरी, सुपारी, दारू सोडा हे पोस्टर म्हणतं ते सोळा आणे खरं. सुपारी तर तंबाखू नसली तरी तोंडाच्या कॅन्सरला पुरते. पण एचपीव्ही संबंधांतून येतो, बहुतेकींच्या अंगात नवऱ्याकडून. तिनं कोणती जीवनशैली बदलायची? तो विषाणू मुक्काम ठोकून बसला तरी कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढ्या वेळात एकदा तपासणी होऊ शकत नाही, असं म्हणायला जीभ कशी रेटते?

पोरींसाठी लस आहे, ती पुण्याच्या सीरमनं बनवलीय. टीबी तपासायला सरकारी दवाखान्यांत जे ट्रूनॅट यंत्र असतं, ते गोव्याच्या कंपनीचं, आणि एचपीव्हीची तपासणी त्यावरही होते. लस पुण्याची, यंत्र गोव्याचं, पुरावा आमच्या घरचा. तेव्हा परदेशातून काही आणू नकोस. रिकाम्या हातानं ये.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका

ता. क. : येण्याचा मुहूर्त मीच काढून ठेवलाय. कोजागरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला पायी निघालेल्या हजारो बाया रात्रभर आपल्या दारावरनं जातात. चहाचे, केळ्यांचे, पाय चोळून द्यायचे मंडप लागतात. त्यांत एक मंडप तुझा टाक. पडदा लाव, नर्सबाई बसव. नमुना बाईला स्वतःचा स्वतः घेता येतो, हेही आता तुझ्या जिनिव्हाच्या मंडळींना मान्य आहे. नाव-गाव-फोन लिहून घे आणि ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांना इलाजाला बोलाव. मग मोज. दहांत आठांहून कमी आल्या तर बाया लाजतात, असं मी ग्रामसभेत लेखी कबूल करीन.